न सांडणारा चमचा

आमच्या कारखान्यात गळतीला माफी नाही. पाण्याच्या नळांना लागणाऱ्या झडपा बनवतो आम्ही. झडप तयार झाली की तिच्यात दाबाने पाणी भरायचं, खाली कोरा पांढरा कागद पसरायचा आणि दहा मिनिटं वाट बघायची. कागदावर एक थेंब जरी उमटला तरी झडप परत. ही पद्धत बाबांची. पुढे दाब मोजायचे काटे आले, मीटर आले, पण बाबांचा विश्वास कागदावरच राहिला. "काटा खोटं बोलेल, कागद बोलणार नाही," असं म्हणायचे.

परत जाणाऱ्या झडपेवर ते पिवळ्या मेणखडूने फुली मारायचे. तोंडाने चकार शब्द नाही. झडप पास झाली तर फुली नाही, मान हलवणं नाही, सरळ पुढची झडप उचलायची. त्यामुळे आमच्याकडे शाबासकी म्हणजे फुली न मिळणं, एवढाच तिचा अर्थ. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली लेथवर काम केलं. माझ्या कामावर त्यांनी मारलेल्या फुल्या ओळीने मांडल्या तर आमच्या गल्लीच्या टोकाला जाऊन परत येतील. मी काही रडूबाई नाही. कारखान्यातली माणसं माझ्यामागे मला 'मिरची' म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे.

सहा वर्षांपूर्वी बाबांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. मग हात, मग दोन्ही हात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. कारखाना माझ्याकडे आला, बाबा घरी बसले, पण शर्टाच्या खिशातला मेणखडू काही त्यांनी काढला नाही. शर्ट धुवायला टाकताना आई तो काढून ठेवायची आणि धुतलेल्या शर्टात परत घालायची.

जेवण म्हणजे रोजची लढाई झाली. ताटातून निघालेला घास तोंडाशी पोचेपर्यंत निम्मा टेबलावर, शर्टावर, मांडीवर. आई खाली वर्तमानपत्र पसरायची. भरवायला गेली की बाबा तोंड मिटून घ्यायचे. दुकानाचं शटर ओढल्यासारखं.

"माझ्या हाताने… खाईन," ते म्हणायचे. आवाज तोवर अगदी बारीक झाला होता. "नाहीतर… नको."

वजन उतरत चाललं. आईने त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने तिसरं भोक पाडलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोटात नळी बसवावी लागेल, आणि अन्न त्यातूनच जाईल. बाबांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाले, "म्हणजे आता… मलाच जोडणी करणार." आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही हसायच्या थांबलो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: बाबा आपल्या हाताने जेवले पाहिजेत, आणि ती नळी आमच्या घरात येता कामा नये.

आता माझी अक्कल बघा. सांडतंय ना? मग सांडणं बंद करायचं. दुसरा विचारच मनात आला नाही. आमच्या घरातल्या कुणाच्याच आला नसता.

तीन दुपारी मी दुसरं काम बाजूला ठेवलं. चमच्याच्या दांड्याला आत पितळेचा गाभा घातला आणि वर नायलॉनची जाड मूठ चढवली. चमचा वजनदार असला की हात कमी थरथरतो असं ऐकलं होतं, आणि बाबांच्या बाबतीत ते खरं निघालं. मानेत बारीक बेअरिंग बसवलं, म्हणजे हात तिरका झाला तरी चमच्याची वाटी सपाट राहील. आणि ती वाटी हीच माझी खरी करामत होती. खोल केली, आणि तिचा काठ सगळीकडून दोन मिलिमीटर आत वळवला. आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या फिटरने चमचा पाण्याने भरला आणि तो हातात धरून कारखानाभर नाचून दाखवलं. थेंब पडला नाही. "मिस्त्रींना दाखव हे," तो म्हणाला. बाबांना कारखान्यात सगळे मिस्त्री म्हणतात. "आता मारून दाखवा म्हणावं फुली!"

रविवारी दुपारी आईने वर्तमानपत्र पसरलं. मी ते उचललं आणि कारखान्यातून आणलेला चाचणीचा कोरा कागद घातला. आईने कपाळाला हात लावला. "हे काय, ह्यांची पण चाचणी घेणार का तू?"

"ह्यांची नाही, चमच्याची."

उकडून कुस्करलेला बटाटा, त्यावर पातळ सूप. बाबांनी चमचा भरला. हात थरथरला, पण वाटी सपाट राहिली, आणि घास तोंडात गेला. अख्खा. मग दुसरा. मग तिसरा. बशी रिकामी झाली तेव्हा आईने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. कोरा करकरीत! तिचा बांध फुटला. पदराने डोळे पुसत ती तोच कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिली.

बाबांनी चमचा धुऊन मागितला. मग झडप तपासायचे तसा तो फिरवून बघितला. अंगठा वाटीच्या काठावरून सावकाश नेला. त्यांचा हात खिशाकडे गेला, मेणखडू होता तिथे. हात तसाच रिकामा परत आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी हसले. सत्तेचाळीस वर्षांची घोडी, पण शाळेतल्या पोरीसारखी दात काढून हसले. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

पुढचे तीन आठवडे मी भेटेल त्याला चमच्याची गोष्ट सांगत सुटले. बाबांचं वजन दीड किलोने वाढलं. रोज बशी रिकामी आणि कागद कोरा. जेवायला मात्र तास तास लागायला लागला. घास गालात राहायचा. आई सवयीने म्हणायची, "अहो, गिळा एकदाचं." हे ती लग्न झाल्यापासून म्हणत आली होती, कारण बाबांना घास तोंडात धरून झडपांबद्दल बोलायची खोड होती.

एके दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, जेवण झालं की ह्यांचा आवाज कसातरी येतो. ओला ओला. घशात पाणी असल्यासारखा."

"ठसका लागतो का त्यांना?"

"नाही गं. ठसका नाही लागत."

"मग झालं तर! सांडत होतं तेव्हा सांडतं म्हणून रडायचीस, आता सांडत नाही म्हणून रड. तुला सुख बोचतं, आई."

असं म्हणाले मी. जी बाई सहा वर्षं त्यांच्या प्रत्येक घासाला समोर बसली होती, तिला. ती भांडी विसळत राहिली. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या आठवड्यात ताप आला. सकाळी ताप, दुपारी धाप, संध्याकाळी दवाखाना. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, अन्न श्वासनळीत जातंय असं दिसतंय. मी त्यांच्याशी वाद घातला. मी रोज समोर बसते, म्हटलं, बाबांना साधा खोकलासुद्धा येत नाही.

ताप उतरल्यावर गिळणं तपासायला एक बाई आल्या. बारीक चणीच्या, खिशात टॉर्च. त्या गेल्यावर आई पुटपुटली, "गिळायला शिकवायला बाई? कालचं जन्मलेलं पोर न शिकवता गिळतं." पण बाईंनी सांगितलेलं तिने नीट लक्षात ठेवलं होतं. एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी करायची होती, आणि ते घरी ज्या भांड्यांत जेवतात तीच आणायची होती. मी चमचा पॉलिश केला आणि मऊ फडक्यात गुंडाळून नेला. हो, पॉलिश केला.

मला काचेमागे उभं केलं. बाबा खुर्चीत, बाजूला यंत्र, आणि माझ्यासमोर पडदा. त्यावर त्यांची मान, जबडा, दात, सगळं राखाडी. एक्स-रेत दिसेल अशी पूड मिसळलेलं खाणं होतं. बाईंनी आधी आपल्याजवळच्या लहानशा, चपट्या चमच्याने दिलं. पडद्यावर काळा ठिपका जिभेवरून मागे गेला, जरा थांबला आणि खाली उतरला. पुन्हा एकदा, तसंच. मग त्यांनी माझा चमचा बाबांच्या हातात दिला.

तो पडद्यावर आला तेव्हा मी लगेच ओळखला. बेअरिंग, मान, आत वळवलेला काठ, सगळं काळंभोर आणि रेखीव. काळ्या घासाने तोंड भरलं. थोडा मागे गेला, थोडा खाली उतरला, बाकीचा घशाच्या तोंडाशी साचला. आणि मग त्यातून एक बारीक काळी रेघ सुटली आणि पुढच्या बाजूने, जिथे जायला नको तिथे, सावकाश खाली गेली. मी बाबांकडे बघितलं. ते खोकले नाहीत. समोर बघत शांत बसले होते, पुढच्या घासाची वाट बघत.

"खोकला यायला हवा होता," बाई नंतर म्हणाल्या. "या आजारात कधीकधी तोही मंदावतो. घशात श्वासनळीवर एक झाकण असतं. यांचं झाकण उशिरा बसतं. लहान घासाला जमतं, मोठ्याला नाही."

"व्हॉल्व्ह… वेळेवर बसत नाही," पलंगावरून बाबा म्हणाले.

"अगदी तसंच." त्यांनी चमचा हातात घेऊन फिरवला. "कोणी बनवला हा?"

"मी."

"काम फार सुंदर आहे. हा यायच्या आधी किती सांडायचं?"

"निम्मं."

"मग तेच त्यांना वाचवत होतं," त्या म्हणाल्या. आवाजात ठपका नव्हता, असता तर बरं झालं असतं. "निम्माच घास आत जात होता. आणि वजनदार मूठ, बेअरिंग हे सगळं चांगलंच आहे. फक्त वाटी बदला."

इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी पहिल्यांदा तोंडावर सुंदर म्हटलं ते त्या दिवशी, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आमचा कागद खोटं बोलला नव्हता. तो जिथे पसरला होता तिथलं त्याने खरं सांगितलं. गळती दुसरीकडे चालू होती, आणि तिथे मी कागद घातलाच नव्हता.

डॉक्टरांनी एक महिना दिला. अर्धा छोटा चमचा एवढाच घास, हनुवटी खाली, एका घासाला दोनदा गिळायचं, पातळ काही असेल तर पावडर घालून घट्ट करायचं. महिन्याभरात पुन्हा छाती भरली तर नळी, आणि मग त्यावर चर्चा नाही. निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "घास मोठा वाटला, अडकला, तर त्यांनी स्वतः सांगायला हवं. बाहेरून तुम्हाला कळणार नाही. त्यांना खोकला नाही, तेव्हा त्यांचं सांगणं हाच त्यांचा खोकला समजा."

घरी आल्या आल्या मी कामाला लागले. आधी प्याला. त्याच्या काठाचा एका बाजूचा तुकडा अर्धगोल कापला, म्हणजे प्याला वर केला तरी नाकाला लागत नाही आणि मान मागे टाकावी लागत नाही. आईने त्याला 'नाकाची खिडकी' नाव ठेवलं. मग मूठ आणि बेअरिंग तेच ठेवून नवी वाटी बसवली, उथळ, वळवलेल्या काठाशिवाय. टेबलावर पुन्हा कागद घातला, पण आता त्यावर डाग पडलेले हवे होते. सांडेल असा चमचा मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम बनवत होते.

"कसं वाटतंय, बाबा? घास मोठा होतो का?"

"ठीक."

जेवणानंतर आवाज ओला आला. मी वाटी आणखी लहान केली. पुन्हा विचारलं. "ठीक." त्यांनी अंगठा फिरवला, चमचा खाली ठेवला, फुली नाही. आवाज पुन्हा ओला. आईने 'गिळा' म्हणणं बंद केलं होतं. ती नुसती त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची, तो वर जाऊन खाली येईपर्यंत.

तिसऱ्या चमच्यालाही 'ठीक' ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"बाबा, तो पहिला चमचा. खोल. घास मोठा होतोय हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

ते कागदावरच्या डागाकडे बघत राहिले.

"कळलं."

"कधी?"

"पहिल्याच… घासाला."

"मग फुली का नाही मारलीत?"

त्यांचे शब्द आता सावकाशच यायचे, पण हा उशीर आजाराचा नव्हता.

"तू… हसलीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मी हसले म्हणून तुम्ही छातीत बटाटा भरून घेतलात? तीन आठवडे? झडप गळतेय, पण फिटर हसतोय, म्हणून पास केलीत कधी? माझी एक तरी झडप केलीत? आणि आता ही तिसरी वाटी, हीसुद्धा मोठी आहे ना? बोला ना!"

"हळू," आई म्हणाली. "आजारी आहेत ते."

"आजारी आहेत म्हणूनच ओरडतेय!"

आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "कमाल आहे तुझी. बावीस वर्षं फुली मारली की इथे माझ्याजवळ येऊन रडायचीस. आज मारली नाही म्हणून रडतेस. त्या माणसाने करावं तरी काय?"

तेव्हा मघाशी मी रडूबाई नाही म्हटलं ते तेवढं खरं धरू नका. पण आईचं बोलणं डोक्यात राहिलं. बाबांनी जन्मभरात माझा एकच लाड केला होता, आणि त्यानेच त्यांचा जीव चालला होता. तो लाड मला परत करायचा होता, आणि कसा ते कळत नव्हतं. महिन्यातले अठरा दिवस संपले होते.

चौथा चमचा केला तेव्हा मूठ नवी कापली आणि तिच्या शेवटच्या टोकाला बर ठेवली. बर म्हणजे धातू कापल्यावर काठाला राहणारं बारीक कुसळ. ओठांपासून लांब, तळहाताच्याही मागे, पितळ बाहेर येतं तिथे. शिकाऊ माणूससुद्धा ती कानशीने घासून काढतो. बर ठेवलेलं काम बाबांसमोर नेण्याची हिंमत आमच्या कारखान्यात आजवर कुणी केली नव्हती.

गोळी घेऊन पाऊण तास झाला की त्यांचा हात आणि घसा जरा बरा चालतो. त्या वेळी मी ताट वाढलं, कागद पसरला आणि चमचा त्यांच्यापुढे ठेवला. "आधी तपासा," म्हटलं. "मग जेवा."

त्यांनी चमचा उचलला. अंगठा वाटीवरून गेला, मानेवरून गेला, मुठीवरून टोकाकडे सरकला. थांबला. मागे आला, पुन्हा गेला आणि पुन्हा तिथेच थांबला. त्यांनी वर बघितलं. सहा वर्षांत त्यांची ती नजर मी बघितली नव्हती. कारखान्यातली माणसं त्या नजरेला घाबरून पाणी प्यायला जायची.

"ही… मुद्दाम ठेवलीस."

"हो."

"मला… पारखतेस?"

"हो. तुम्ही मला बावीस वर्षं पारखलंत. आता माझी पाळी." माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणता येत नव्हता. "बाबा, मला हसवू नका. मला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी काय बनवतेय ते मला कळणारच नाही. तुम्ही जाल, आणि चमचा मी बनवलेला असेल."

आई दारात उभी होती. बाबांचा हात खिशाकडे गेला. मेणखडू दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बाहेर आला. मुठीच्या टोकावर त्यांनी फुली मारली. फुली कसली, हात इतका थरथरत होता की पिवळी रेघ मुठीवरून टेबलावर, टेबलावरून कागदावर गेली. पण दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या.

मला वाटलं झालं. मी चमच्याकडे हात नेला. त्यांनी तो सोडला नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, चमचा उलटा केला आणि वाटीच्या आत दुसरी फुली मारायला लागले. त्याला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला.

"घास…" ते म्हणाले, आणि श्वास घेतला. "अजून… मोठा होतो. निम्मा कर."

मी चमचा घेऊन उठले. डोळ्यांतलं पाणी पुसायला बाही चेहऱ्यावर ओढली, तर गालाला पिवळा मेणखडू लागला.

"आता काय झालं?" आई म्हणाली.

"फुली मारली," मी म्हटलं. "दोन मारल्या."

आईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. त्यांनी मेणखडू खिशात ठेवायची खटपट चालवली होती. तिने तो ठेवून दिला नाही, त्यांचा त्यांना ठेवू दिला. मग ताटावर झाकण घातलं आणि घड्याळ बघितलं.

"किती वेळ लागेल दुरुस्तीला?"

"वीस मिनिटं."

"जा मग," ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसत म्हणाली. "थांबतो आम्ही."